काढलेलं टीम्स परत येतंय? आधी त्याचा रतीब बंद करा

‘दादा, मागच्या आठवड्यात काढून दिलं होतंत ना, ते जांभळं परत आलंय.’

दुरुस्तीच्या टेबलावर हे वाक्य मी २०२० पासून ऐकतो आहे. जांभळं म्हणजे मायक्रोसॉफ्ट टीम्स. लॉकडाउनमध्ये कितीतरी शाळा-कॉलेजांचे तास त्यावर भरले, कार्यालयांच्या बैठका त्यावर झाल्या. पुढे शाळा उघडल्या, मुलं वरच्या वर्गात गेली, कुणी नोकरीला लागलं. घरातला लॅपटॉप मात्र अजून तोच आहे, आणि तो सुरू केला की ती खिडकी साइन-इन करा म्हणत समोर येते.

टीम्स वाईट नाही. ज्याचं काम त्यावर चालतं त्यानं ते जरूर ठेवावं. हे लिहिलंय ते विंडोज १० किंवा ११ वापरणाऱ्या, टीम्स नको असलेल्या आणि एकदा-दोनदा काढूनही ते परत आलेलं पाहणाऱ्या लोकांसाठी. जे करायचं ते आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्याभोवतीच फिरतात. दारातली दुधाची पिशवी उचलून परत दिली म्हणून रतीब बंद होत नाही. दूधवाल्याला सांगावं लागतं. टीम्सचं तसंच आहे. आपण प्रोग्रॅम काढतो, पण तो आणून ठेवणारा मागे राहतो. आणि आणणारे एकाहून जास्त असू शकतात: वेगळा इन्स्टॉलर, ऑफिस, विंडोज, नाहीतर तुमचं कॉलेज किंवा कंपनी. आपल्याकडे कोण आणतंय हे कळलं की काम निम्म्याहून जास्त झालं.

लक्षणं

- मशीन सुरू होताच टीम्स आपोआप उघडतं आणि ईमेल-पासवर्ड मागतं.
- कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं तरी ते बंद होत नाही. घड्याळाशेजारच्या छोट्या बाणाखाली जाऊन बसतं.
- अनइन्स्टॉल केलं, काही दिवस बरे गेले, आणि ऑफिस दुरुस्त केल्यावर किंवा पुन्हा टाकल्यावर ते परत दिसलं.
- तुमच्या लॉगिनमधून गेलं, पण घरातल्या दुसऱ्यानं स्वतःच्या नावानं लॉगिन केलं की त्याच्याकडे आहेच.
- प्रोग्रॅमच्या यादीत टीम्स नावाच्या दोन किंवा तीन नोंदी दिसतात.
- आयकॉन आहे, खिडकीही उघडते, पण ते ‘क्लासिक’, म्हणजे जुनं, आता बंद झालेलं टीम्स असल्यामुळे काहीच चालत नाही.
- टीम्स गेलं तरी आउटलुकमध्ये टीम्स मीटिंगचं बटण राहिलं.
- अनइन्स्टॉलचं बटण फिकं आहे, किंवा ते दाबलं की ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं.

तुमचं लक्षण कोणतं ते कागदावर लिहून ठेवा, आणि टीम्स नेमकं कशानंतर परत आलं तेही: नुसतं रीस्टार्ट केल्यावर, ऑफिसची दुरुस्ती केल्यावर, की नवं लॉगिन तयार केल्यावर. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला हाच प्रश्न विचारतो. दूधवाला कोण हे त्या उत्तरातून बरंचसं कळतं.

आधी घरात विचारा

याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो दोन मिनिटं, आणि हेच लोक विसरतात.

स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. ज्यांचं स्काइप होतं त्यांना त्याच अकाउंटनं टीम्सच्या मोफत आवृत्तीत जाता आलं, जुने संपर्क आणि गप्पांसकट. एका घरातला मुलगा सुट्टीत आला, लॅपटॉप हळू चालतोय म्हणून त्यानं टीम्स काढून टाकलं आणि तो पुण्याला परत गेला. परदेशातल्या बहिणीशी आई त्यावरूनच बोलत होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आईला वाटलं मशीन बिघडलं. आठ दिवस दोघींचं बोलणं झालं नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाला विचारा, विशेषतः ज्यांना तक्रार कशी मांडायची हे सुचत नाही अशा माणसांना.

दुसरी भीती असते गप्पा आणि फाइली जाण्याची. टीम्समधले संदेश अकाउंटसोबत सर्व्हरवर राहतात. प्रोग्रॅम काढल्यानं ते पुसले जात नाहीत. पुढे कधी लागलं तर ब्राउझरमधूनही टीम्स उघडता येतं, इन्स्टॉल करावंच लागतं असं नाही. डाउनलोड केलेल्या फाइली ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्येच राहतात. मात्र कॉलेजचं अकाउंट बंद होणार असेल, तर त्यातले प्रकल्प, प्रमाणपत्रं, सरांनी पाठवलेल्या नोट्स आजच उतरवून घ्या. अकाउंट बंद झाल्यावर आम्ही दुरुस्तीवाले त्यातलं काहीच परत आणू शकत नाही.

काढायचंय ते नेमकं कोणतं?

मी हे काम शिकलो तेव्हा विंडोज एक्सपीचे दिवस होते. २००१ साली एक्सपी आलं ते विंडोज मेसेंजर हा गप्पा मारायचा प्रोग्रॅम आधीच बसवून. मशीन सुरू केलं की ते घड्याळापाशी हजर. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोजचे घटक काढायची जी यादी असते, तीत मात्र त्याचं नाव नसायचं. कारण फार साधं होतं. विंडोजच्या ‘आयएनएफ’ फोल्डरमधल्या एका फाइलीत मेसेंजरच्या ओळीत ‘हाइड’ असा एक शब्द होता. तो खोडून फाइल सेव्ह केली की नाव यादीत दिसायचं आणि मग ते काढता यायचं.

त्याच काळात लोक दुसरी एक तक्रार आणायचे: मेसेंजर काढला तरी पडद्यावर राखाडी चौकटीत जाहिराती येतात. त्या चौकटी ‘मेसेंजर सर्व्हिस’ नावाच्या अगदी वेगळ्या सोयीतून येत. नेटवर्कवरच्या मशीनना सूचना पाठवायला ती सोय होती आणि जाहिरातवाल्यांनी तिचा गैरवापर केला. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नं ती मुळातच बंद ठेवली. नाव एक, गोष्टी दोन. चुकीच्या गोष्टीवर लोकांनी तासन्‌तास घालवले.

टीम्सच्या बाबतीत आज तोच गोंधळ आहे, म्हणून काढण्याआधी ओळख पटवायची. ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘ॲप्स’मध्ये जा, तिथं ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ आहे (विंडोज १० वर ‘ॲप्स अँड फीचर्स’). शोधचौकटीत टीम्स टाइप करा. यांपैकी काय काय दिसतं ते लिहून घ्या:

‘मायक्रोसॉफ्ट टीम्स क्लासिक’ हे जुनं. काही मशीनवर त्याचं नाव नुसतं ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ असंही असतं. १ जुलै २०२५ पासून ते वापरताच येत नाही, त्यामुळे ते ठेवण्यात काही अर्थ नाही. शाळेच्या काळातल्या लॅपटॉपवर बहुधा हेच सापडतं.

‘टीम्स मशीन-वाइड इन्स्टॉलर’ हा आपला मुख्य दूधवाला. त्याच्याकडे पुढे सविस्तर येतो.

नुसतं ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ असं नाव आणि क्लासिकचा उल्लेख नाही, तर बहुतेक नवं टीम्स. विंडोज ११ सोबत येणारं घरगुती वापराचं टीम्सही याच नावाच्या आसपास दिसतं.

‘टीम्स मीटिंग ॲड-इन’ हा आउटलुकसाठीचा जोडतुकडा.

आणखी एक खात्री करा, की हे खरंच टीम्स आहे. खोट्या टीम्सच्या सेटअप फाइली जाहिरातींतून आणि शोधनिकालांतून पसरवल्या जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अशा खोट्या फाइलींवर सही करण्यासाठी वापरलेली २०० हून जास्त प्रमाणपत्रं रद्द केली. तपासायचं असं: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडा, टीम्सवर राइट-क्लिक करा आणि ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. जुनं टीम्स तुमच्या नावाच्या फोल्डरात, ‘ॲपडेटा’मधल्या ‘लोकल’मध्ये, ‘मायक्रोसॉफ्ट’च्या आत असतं. नवं टीम्स ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या ‘विंडोजॲप्स’मध्ये असतं. फाइल ‘टेम्प’मध्ये किंवा भलत्याच नावाच्या फोल्डरमध्ये सापडली, किंवा फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘डिजिटल सिग्नेचर्स’मध्ये मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनऐवजी भलतंच नाव दिसलं, तर इथंच थांबा. इंटरनेट बंद करा आणि खाली ‘कुठं थांबायचं’ तिथं जा. पुढच्या पायऱ्या खोट्या प्रोग्रॅमसाठी नाहीत.

काढू नका, फक्त उठू देऊ नका

बऱ्याच जणांची खरी तक्रार ‘ते आहे’ ही नसतेच. ‘ते आपोआप उघडतं’ ही असते. मग काढायची गरजच नाही.

‘टास्क मॅनेजर’मध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’ उघडा, टीम्सवर राइट-क्लिक करून ‘डिसेबल’ करा. लॉगिन करता येत असेल तर टीम्सच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली दोन खुणा काढा: ‘ऑटो-स्टार्ट टीम्स’ आणि ‘ऑन क्लोज, कीप द ॲप्लिकेशन रनिंग’. फुली दाबूनही ते बाणाखाली जाऊन बसतं ते या दुसऱ्या खुणेमुळे. विंडोज ११ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत टास्कबारवर ‘चॅट’ नावाचं जांभळं चिन्हही असतं. ‘सेटिंग्ज’, ‘पर्सनलायझेशन’, ‘टास्कबार’ इथून ते एका बटणानं लपतं.

आता ‘रीस्टार्ट’ करून पाहा. ‘शट डाउन’ नको. बहुतेक लॅपटॉपवर ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं, त्यामुळे शट डाउन केल्यावरही विंडोजचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि चाचणी खरी होत नाही.

४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एवढ्यानंच फरक जाणवतो. घरात कधीतरी टीम्स लागणार असेल तर मी इथंच थांबतो आणि पुढचं काही करत नाही.

दोन्ही काढा, मगच रीस्टार्ट करा

टीम्स पूर्णच नको असेल तर आधी घड्याळाशेजारच्या बाणाखालचं चिन्ह शोधा, राइट-क्लिक करा आणि ‘क्विट’ म्हणा. प्रोग्रॅम चालू असताना त्याच्याच फाइली काढायला गेलं की काम अर्धवट होतं, आणि अर्धवट निघालेला प्रोग्रॅम पूर्ण असलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो. यादीत नाव राहतं, अनइन्स्टॉल दाबलं की फाइल सापडत नाही म्हणून चूक दाखवतं.

मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीतून टीम्स अनइन्स्टॉल करा. लगेच, रीस्टार्ट न करता, ‘टीम्स मशीन-वाइड इन्स्टॉलर’ही अनइन्स्टॉल करा. याला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो.

हा इन्स्टॉलर करतो काय, ते समजून घ्या, कारण सगळ्या त्रासाचं मूळ बहुतेक इथंच आहे. जुनं टीम्स मशीनसाठी एकदाच बसत नसे. प्रत्येक वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरमध्ये त्याची वेगळी प्रत बसायची. ऑफिसात पन्नास मशीन असतील तर प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये जाऊन ते कोण बसवणार? म्हणून हा इन्स्टॉलर. तो ‘प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६’मध्ये ‘टीम्स इन्स्टॉलर’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतो. कुणी नव्यानं लॉगिन केलं की त्या माणसाच्या फोल्डरमध्ये टीम्स आहे का ते पाहतो, आणि नसेल तर ठेवून देतो. मोठ्या कार्यालयासाठी ही सोय आहे. घरच्या लॅपटॉपवर, जिथं बाबांचं, मुलीचं आणि पाहुण्यांचं अशी तीन लॉगिन असतात, तिथं हाच रतीब तीन दारांत पडत राहतो.

आणि म्हणूनच पुढची पायरी: प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये जाऊन बघा. तुमच्या लॉगिनमधून काढलेली प्रत फक्त तुमची होती. इन्स्टॉलर गेला तरी आधी टाकून झालेल्या प्रती तशाच राहतात. संगणक क्लास किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनवर मी हे हमखास पाहतो. मालक स्वतःच्या लॉगिनमधून काढतात, आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या लॉगिनकडे कुणाचं लक्षच जात नाही.

सामायिक मशीन असेल तर आणखी एक करा. ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘ईमेल अँड अकाउंट्स’ इथं जाऊन परक्यांची अकाउंट्स राहिली आहेत का ते पाहा आणि असतील तर काढा. प्रोग्रॅम काढल्यावर माणसाची ओळख मशीनवरून आपोआप जातेच असं नाही.

ऑफिस परत आणतंय का?

तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ चं ऑफिस असेल आणि ऑफिसची दुरुस्ती केल्यानंतर किंवा ते पुन्हा टाकल्यानंतर टीम्स परत आलं असेल, तर दुसरा दूधवाला हा. २०१९ पासून टीम्स व्यवसायांसाठीच्या ऑफिससोबतच बसायला लागलं. ऑफिसमध्ये काही बिघडलं आणि तुम्ही ‘ऑनलाइन रिपेअर’ केलंत, तर ऑफिस नव्यानं बसतं आणि टीम्सही सोबत येऊ शकतं. म्हणून आधी ‘क्विक रिपेअर’ करून पाहावं. ऑनलाइन रिपेअर करावंच लागलं, तर संपल्यावर लगेच यादी उघडून टीम्सच्या नोंदी पुन्हा तपासाव्यात.

हे असं जोडून देणं हा फक्त आपल्या टेबलावरचा प्रश्न नाही. विंडोजसोबत मेसेंजर बांधून देण्याबद्दल दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगानं डिसेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टला दंड केला होता. टीम्सबद्दल स्लॅक या प्रतिस्पर्धी कंपनीनं २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली, आणि टीम्सशिवायचं ऑफिस कमी किमतीत देण्याची मायक्रोसॉफ्टची बांधिलकी आयोगानं सप्टेंबर २०२५ मध्ये स्वीकारली. एप्रिल २०२४ पासून व्यवसायांच्या नव्या योजनांत टीम्स जगभर वेगळं विकायला काढलं गेलं. म्हणजे पुढे हा त्रास कमी होईल. आधीपासून बसलेल्या मशीनवर मात्र हातानंच निस्तरावं लागतं.

आउटलुकमधलं बटण राहिलं असेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲड-इन्स’ असं जा. खाली ‘कॉम ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबा आणि टीम्सवरची खूण काढा. टीम्स ठेवून फक्त हा तुकडा अनइन्स्टॉल केला तर नवं टीम्स तो पुन्हा बसवू शकतं. आधी टीम्स, मग तुकडा.

मशीन कॉलेजच्या नावावर तर नाही?

ही तपासणी सोपी आहे, पण तिच्यातली दुरुस्ती नाजूक आहे. म्हणून ती इतक्या खाली ठेवली.

एक मुलगी स्वतःच्या पैशांनी घेतलेला लॅपटॉप घेऊन आली होती. पदवी होऊन वर्ष झालेलं. टीम्स काढलं की दोन दिवसांत परत. इन्स्टॉलर यादीत नव्हता, ऑफिसही नव्हतं. ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडलं, आणि तिथं तिचं कॉलेजचं अकाउंट जोडलेलं, मशीन त्यांच्या व्यवस्थापनाखाली नोंदलेलं.

हे तिनं जाणूनबुजून केलं नव्हतं. टीम्समध्ये पहिल्यांदा लॉगिन करताना एक खिडकी येते: संस्थेला माझं मशीन सांभाळू द्या, अशा अर्थाची खूण आधीच केलेली असते आणि खाली मोठं ‘ओके’ असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘नो, साइन इन टू धिस ॲप ओन्ली’ असा पर्याय असतो. तासाला उशीर होत असताना ती बारीक ओळ कोण वाचणार? ‘ओके’ दाबलं की मशीन संस्थेकडे नोंदलं जातं, आणि संस्थेनं तशी व्यवस्था ठेवली असेल तर ती तुमच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम पाठवू शकते. अशा ठिकाणी तुम्ही शंभर वेळा काढलंत तरी ते शंभर वेळा येईल. शाळकरी मुलांच्या पालकांनी ही खिडकी नीट लक्षात ठेवावी आणि बारीक ओळच निवडावी.

स्वतःच्या मालकीचा लॅपटॉप असेल तर त्याच पानावर ‘डिस्कनेक्ट’चं बटण असतं. पण ते दाबण्याआधी दोन गोष्टी, आणि त्यात कुचराई नको. पहिली: ‘सेटिंग्ज’च्या शोधचौकटीत ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. डिस्कला कुलूप चालू असेल, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कदाचित कॉलेजच्या अकाउंटमध्येच जपलेली असते. ती की आधी मिळवून कागदावर उतरवा. पुढे कधी मशीननं ती मागितली आणि ती तुमच्याकडे नसली, तर आतला सगळा डेटा गेला. दुसरी: ऑफिस कॉलेजच्या परवान्यावर चालत असेल तर तोडल्यावर ते फक्त वाचण्यापुरतं उरू शकतं.

त्या मुलीची की आम्ही आधी लिहून घेतली, फोटो-कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवली, मग अकाउंट तोडलं. त्यानंतर टीम्स परत आलं नाही.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर मात्र ‘डिस्कनेक्ट’ला हातही लावू नका. तो तुमचा नाही. कंपनीच्या आयटी विभागाला सांगा.

मागे राहिलेले फोल्डर

हे गरजेचं असतंच असं नाही. यादीतून नाव गेलं आणि आठवडाभर काही दिसलं नाही तर सोडून द्या. पण क्लासिक टीम्सचे जुने फोल्डर बरीच जागा अडवतात, किंवा अर्धवट निघालेल्या टीम्सची चूक येत राहते, तेव्हा हे करावं लागतं.

फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ चालू करा. सी ड्राइव्ह, ‘यूजर्स’, तुमचं नाव, ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’ असं जा आणि फक्त ‘टीम्स’ फोल्डर काढा. मग ‘ॲपडेटा’मधल्या ‘रोमिंग’मध्ये तसंच.

‘फक्त’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. त्याच ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डरमध्ये एज ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड असतात, आउटलुकच्या फाइली असतात. एका गृहस्थांनी अख्खा ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डर उडवला होता, शिफ्ट-डिलीट करून, रिसायकल बिनमध्येही नाही. टीम्स गेलं, आणि त्यासोबत दहा वर्षांचे बुकमार्कही. हात थरथरत असेल तर काढण्याऐवजी फोल्डरचं नाव बदला, आठ दिवस थांबा, काही अडलं नाही तर मग काढा.

कुठं थांबायचं

विंडोज ११ सोबत आलेलं टीम्स तुमच्या लॉगिनमधून स्टार्ट मेन्यूत राइट-क्लिक करून जातं, पण नवं लॉगिन तयार केलं की तिथं पुन्हा दिसतं. कारण ते मशीनच्या पातळीवर ‘नव्या प्रत्येकाला द्या’ असं नोंदलेलं असतं. ही नोंद ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीतून, काढावी लागते. त्यात एका चुकीच्या शब्दानं स्टोअर किंवा कॅल्क्युलेटरसारखे दुसरे प्रोग्रॅम उडतात. दररोज पॉवरशेल वापरत नसाल तर हे जाणकाराकडून करून घ्या. रजिस्ट्रीचं, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्ज जिथं लिहून ठेवतं त्या वहीचंही तेच. व्हिडिओ बघून रजिस्ट्रीतल्या ‘टीम्स’ नावाच्या सगळ्या नोंदी पुसत जाणारे लोक माझ्याकडे शेवटी विंडोज नव्यानं टाकायलाच येतात.

‘एका क्लिकमध्ये टीम्स काढा’ असं सांगणारं अनोळखी सॉफ्टवेअर उतरवू नका. यादीत नाव आहे पण अनइन्स्टॉल होत नाही, एवढंच असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ‘प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर’ नावाचं मोफत साधन त्यांच्या अधिकृत सपोर्ट साइटवर आहे. ते चालवून पाहा, आणि त्यानंही झालं नाही तर थांबा.

फाइल खोटी निघाली, किंवा ‘टीम्स सपोर्ट’मधून बोलतोय म्हणून कुणी फोन केला आणि तुम्ही त्याला मशीनचा ताबा दिला असेल, तर ही अनइन्स्टॉलची गोष्ट उरत नाही. त्या मशीनवरून बँकेचं काही उघडू नका. दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मशीन नंतर दाखवा.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना एवढं सोबत न्या: विंडोज १० की ११, यादीत टीम्सच्या नावाच्या कोणत्या नोंदी होत्या, मशीनवर किती लॉगिन आहेत, ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’मध्ये कुणाचं अकाउंट आहे, ऑफिस कुठल्या परवान्यावर चालतं, आणि टीम्स कशानंतर परत आलं. चार्जरही आणा. आणि काम झाल्यावर तिथंच, त्याच्यासमोर, एक नवं लॉगिन तयार करून बघायला सांगा. त्यात टीम्स दिसलं नाही तर ते लॉगिन पुसून मशीन घरी न्या.